वकिलाची कमाई कशी मोजावी: खान्देशात वकिली सुरू करू पाहणाऱ्यांसाठी

विधी शाखेच्या प्रवेशाचे दिवस आले की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले पालक आपल्या ओळखीच्या वकिलाला हटकून एक प्रश्न विचारतात: वकिलाला महिन्याला किती मिळतात? प्रश्न रास्त आहे. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे शिक्षण, त्यापुढे सिनियरच्या हाताखालची उमेदवारी आणि तोवर घरातून लागणारा पैसा, या सगळ्याचा हिशेब शेतकरी किंवा नोकरदार कुटुंबाला आधीच करावा लागतो. मिळणारे उत्तर मात्र बहुधा उपयोगाचे नसते. कोणी एखाद्या नामांकित वकिलाच्या फीचा डोळे दिपवणारा आकडा सांगतो, तर कोणी ‘वकिलीत आता काही राहिले नाही’ असे म्हणून विषय संपवतो. वकिलाची मिळकत तो कोणत्या न्यायालयात उभा राहतो, कोणत्या प्रकारची कामे घेतो, सनद (वकिलीचा परवाना) घेऊन त्याला किती वर्षे झाली आणि ठरलेल्या फीपैकी प्रत्यक्षात किती हाती पडते यांवर अवलंबून असते, आणि म्हणून कोणाचा तरी आकडा ऐकण्यापेक्षा आपला आकडा स्वतः काढायला शिकणे अधिक हिताचे आहे. तो कसा काढावा, हे पुढे सांगितले आहे.

ऐकीव आकडे आधी बाजूला काढा

सर्वोच्च न्यायालयात काही मोजक्या ज्येष्ठ वकिलांची एका सुनावणीची फी लाखांत असते, हे खरे आहे. लंडनमधील सर्वांत मोठ्या फर्मपैकी काहींनी २०२४ मध्ये नव्याने पात्र ठरलेल्या सॉलिसिटरचा वार्षिक पगार १,५०,००० पौंडांवर नेला, हेही खरे आहे. मुंबई-दिल्लीतील बड्या कॉर्पोरेट फर्म विधी विद्यापीठांतून थेट निवडलेल्या मुला-मुलींना सुरुवातीलाच साधारण १५ ते २० लाख रुपये वार्षिक देतात. परंतु या तिन्ही आकड्यांचा अमळनेर किंवा शहादा येथे काळा कोट चढवणाऱ्या तरुणाच्या मिळकतीशी काहीही संबंध नाही, कारण तिथे पैसे देणारा मोठा उद्योग किंवा बँक असते आणि इथे पैसे देणारा केळी-कापूस पिकवणारा किंवा छोटे दुकान चालवणारा माणूस असतो.

सॉलिसिटर या पदवीबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज आहे, म्हणून दोन वाक्ये. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात तिथे, पूर्वी सॉलिसिटर प्रकरण तयार करीत आणि न्यायाधीशांपुढे बाजू मांडणारा वकील निराळा असे. ही सक्तीची विभागणी १९७० च्या दशकात संपली, तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा आजही होते आणि मुंबईच्या मालमत्ता व व्यापारी कामांत तिला मान आहे. त्यासाठी सॉलिसिटरकडे आर्टिकलशिप (ठरावीक मुदतीची उमेदवारी) करावी लागते, म्हणजे मुंबईत राहण्याचा खर्च आलाच. ज्याला त्या वाटेने किंवा मोठ्या फर्मकडे जायचे आहे त्याने बारावीतच क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांपैकी संभाजीनगरचे विद्यापीठ आपल्याला सर्वांत जवळचे आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयातून पदवी घेऊन नंतर त्या फर्ममध्ये शिरणे अशक्य नाही, पण ते गृहीत धरून घरचे अंदाजपत्रक मांडू नये.

पगारी वाटा मापासाठी हाताशी ठेवा

स्वतंत्र वकिलीची मिळकत बरी की कमी, हे ठरवायला काहीतरी माप लागते. ते विधी पदवीधराला मिळू शकणाऱ्या पगारी पदांतून मिळते. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथमवर्ग या पदाचे मूळ वेतन दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानुसार ७७,८४० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता व इतर सोयी असतात. जिल्हा न्यायाधीशाचे मूळ वेतन १,४४,८४० रुपयांपासून सुरू होते. बँकेतील विधी अधिकारी, म्हणजे स्केल एकचा अधिकारी, ४८,४८० रुपये मूळ वेतनावर लागतो. सहायक सरकारी अभियोक्ता हे राज्य शासनाचे गट-अ मधील पद आहे. याशिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांतर्गत लोकअभिरक्षक कार्यालये (वकील करण्याची ऐपत नसलेल्या आरोपींची बाजू मोफत मांडणारी) सुरू झाल्यापासून फौजदारी काम करू इच्छिणाऱ्या नव्या वकिलाला सहायक लोकअभिरक्षक म्हणून दरमहा ठरावीक मानधनावर काम करता येते, मात्र त्या काळात खाजगी प्रकरणे घेता येत नाहीत. माझ्या मते ज्याच्या घरात पहिली दोन वर्षे पोसण्याइतकी ऐपत नाही, त्याच्यासाठी ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत चांगली शाळा आहे: रोज रिमांड, रोज जामीन, रोज उलटतपास.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बार कौन्सिलच्या (वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेच्या) नियमांनुसार पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. बँकेत किंवा कंपनीत रुजू होताना सनद स्थगित करावी लागते. त्यामुळे ‘नोकरी करता करता वकिली जमवीन’ हा बेत कागदावर मांडूच नये. दुसरे असे की सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर न्यायाधीश पदासाठी तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वकिलीची अट पुन्हा लागू झाली आहे. न्यायाधीश होण्याचे स्वप्न असलेल्यांनाही आता ही तीन वर्षे न्यायालयात घालवावी लागणार, आणि ती घालवल्याचा पुरावा द्यावा लागणार. म्हणून पहिल्या दिवसापासून ज्या ज्या प्रकरणात आपण हजर राहिलो, त्यांच्या रोजनाम्यात (न्यायालयाने ठेवलेल्या प्रत्येक तारखेच्या नोंदीत) आपले नाव नोंदले जाते की नाही याकडे लक्ष द्यावे आणि अशा आदेशांच्या प्रती एका फाइलमध्ये लावून ठेवाव्यात.

आपल्या तालुक्यात काम किती आहे, ते पाहा

स्वतंत्र वकिलीचा अंदाज बांधताना पहिली पायरी म्हणजे कामाचा पुरवठा तपासणे, आणि आज त्यासाठी कोणाच्या सांगोवांगीवर विसंबण्याची गरज नाही. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर जिल्हानिहाय आणि न्यायालयनिहाय दिवाणी व फौजदारी प्रलंबित प्रकरणे किती, ती किती वर्षे जुनी आहेत आणि महिन्याला किती नवी दाखल होतात हे कोणालाही पाहता येते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घेण्याची सोय आहे. ज्या सिनियरकडे उमेदवारी करण्याचा विचार आहे त्याच्या नावावर किती प्रकरणे चालू आहेत, ती कोणत्या प्रकारची आहेत आणि गेल्या दोन वर्षांत नवी किती आली, हे त्यातून पुष्कळसे कळते. एखाद्याच्या नावावर शेकडो प्रकरणे दिसतात पण ती बहुतेक दहा वर्षांपूर्वीची असतात. त्याच्या कार्यालयात गर्दी दिसली तरी नवा पैसा थोडाच येत असतो.

मग कामाचा प्रकार पाहावा, कारण खान्देशातल्या प्रत्येक पट्ट्याचे वाद वेगळे आहेत. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात व्यापारी आणि शेतकरी यांच्यातील थकबाकी, न वटलेले धनादेश आणि पीकविम्याच्या तक्रारी पुष्कळ असतात. जळगाव शहरात सराफ बाजार, दाणाबाजार आणि औद्योगिक वसाहतीमुळे व्यापारी वसुलीची कामे मिळतात. सुरत-धुळे-नागपूर महामार्गाचे चौपदरीकरण आणि तापीवरील सिंचन प्रकल्प यांमुळे भूसंपादनाच्या मोबदल्याचे वाद वर्षानुवर्षे चालले आहेत. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः अक्कलकुवा आणि अक्राणी भागात, आदिवासी जमिनींचे हस्तांतरण आणि वनहक्काचे दावे हा स्वतंत्र विषय आहे. तिथे अशिलाची भाषा येणारा वकील आणि दुभाष्यामार्फत बोलणारा वकील यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अहिराणीच्या बाबतीतही तेच: साक्षीदाराला त्याच्या बोलीत सरतपासाची (आपल्याच वकिलाने विचारायच्या प्रश्नांची) तयारी करून देता आली तर तो पिंजऱ्यात गोंधळत नाही, आणि असा वकील गावोगाव आपोआप माहीत होतो. बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करण्यास मनाई असल्यामुळे या तोंडी ओळखीखेरीज दुसरे साधन नाही, हे लक्षात ठेवावे.

वाटणीचे दावे, सातबारावरील फेरफाराविरुद्धची अपिले, बांधाची भांडणे, मोटार अपघाताचे दावे, पोटगी आणि घटस्फोट ही कामे सगळीकडेच असतात. कौटुंबिक कामे महिला वकिलांकडे आपसूक येतात आणि बाकीची त्यांना दिली जात नाहीत, ही आपल्याकडची वाईट खोड आहे. मुलीला वकील करणाऱ्या पालकांनी तिला दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही कामे शिकवणारे कार्यालय शोधून द्यावे, कारण केवळ पोटगीच्या अर्जांवर कार्यालय उभे राहत नाही.

वरिष्ठ न्यायालयाचे अंतर हाही मिळकतीचा मुद्दा आहे. तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात आणि जळगावहून ते सुमारे १६० किलोमीटर आहे. जिल्हा न्यायालयातील वकिलाने अपिलाचे काम खंडपीठातील सहकाऱ्याकडे पाठवले की पुढची फी त्याच्याकडे जाते. ज्याला आठवड्यातून दोन दिवस तिकडे जाणे जमते, त्याने तिथेही पाय रोवावा. ज्याला जमत नाही, त्याने उच्च न्यायालयातील फी आपल्या अंदाजात धरू नये.

एक फाइल किती देते

आता मुख्य गोष्ट. वकिलाची मिळकत मोजताना लोक ‘एका केसचे किती घेता’ एवढेच विचारतात, आणि फसतात. फी एकदा ठरते, काम मात्र वर्षानुवर्षे चालते. समजा, एका वाटणीच्या दाव्याची फी १५,००० रुपये ठरली आणि दावा दाखल होण्यापासून निकालापर्यंत ४० तारखा पडल्या. प्रत्येक तारखेमागे ३७५ रुपये झाले. त्यातल्या अनेक तारखांना न्यायाधीश रजेवर असतात, समोरचा वकील मुदत मागतो, समन्स बजावून येत नाही. तरीही वकिलाला त्या दिवशी न्यायालयात हजर राहावेच लागते आणि अशिलाला पुढची तारीख कळवावीच लागते.

म्हणून कोणत्याही वकिलाची खरी स्थिती त्याच्या डायरीत दिसते. उमेदवारी करताना सिनियरने परवानगी दिली, तर आठवडाभराची पाने घेऊन प्रत्येक प्रकरणासमोर दोनपैकी एक खूण करावी: या प्रकरणाची फी अजून येणे आहे, की पूर्ण फी येऊन गेली आणि आता नुसत्या तारखा चालू आहेत? जुन्या कार्यालयांत दुसऱ्या प्रकारची प्रकरणेच जास्त निघतात. सकाळी अकरा वाजता बोर्डावर (त्या दिवशीच्या कामाच्या यादीत) आठ प्रकरणे, आणि त्यातल्या सहांचा पैसा तीन वर्षांपूर्वीच खर्च झालेला! ज्याची डायरी भरलेली आहे त्याची कमाई मोठी आहे असे समजणे चूक आहे. ज्याच्या डायरीत फी येणे असलेली प्रकरणे सतत नव्याने येत राहतात त्याची कमाई चांगली असते.

यावर उपाय म्हणजे फी टप्प्यांत ठरवणे. दाव्याचा मसुदा आणि दाखल करणे, तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाची सुनावणी, पुराव्याचा टप्पा, अंतिम युक्तिवाद असे चार टप्पे करून प्रत्येकाची रक्कम आधीच सांगावी. धनादेशाच्या प्रकरणात तर हे अधिकच सोपे आहे, कारण तिथले टप्पे कायद्यानेच आखून दिलेले आहेत: बँकेचा परताव्याचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत, आणि ती संपल्यापासून एका महिन्यात फिर्याद. नोटिशीची फी वेगळी, फिर्यादीची वेगळी, साक्षीची वेगळी असे सांगितले, तर व्यापाऱ्यालाही ते पटते, कारण बरीच प्रकरणे नोटिशीवरच मिटतात आणि त्याला पुढचा खर्च करावा लागत नाही.

मोठ्या दाव्यांच्या मागे धावणाऱ्या नव्या वकिलाला न दिसणारे आणखी एक उत्पन्न आहे, ते म्हणजे न्यायालयाबाहेरचे कागदाचे काम. बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे बँकेने कामासाठी नेमलेल्या वकिलांच्या यादीत, नाव आले की कर्जदाराच्या मालमत्तेचा शोध अहवाल करून द्यावा लागतो: दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांच्या नोंदी पाहायच्या, सूची क्रमांक दोनच्या (नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याच्या) नकला काढायच्या, सातबारा आणि फेरफारांची साखळी जुळवायची, मध्येच एखाद्या मयत खातेदाराच्या वारसाची, बहुधा लग्न होऊन गेलेल्या बहिणीची, नोंद राहिली असेल तर ती शोधून बँकेला कळवायची. एका अहवालाचे पैसे थोडे असतात, पण ते वेळेवर आणि बँक खात्यात येतात, त्याला तारीख पे तारीख नसते, आणि जमिनीच्या कागदांवर अशी पकड बसते की पुढे दिवाणी दाव्यांतही तीच कामाला येते. मृत्युपत्रे, खरेदीखतांचे मसुदे, भाडेकरार यांचेही तसेच. नोटरी होण्यासाठी मात्र सर्वसाधारण प्रवर्गाला दहा वर्षांची, तर महिला, इतर मागासवर्ग आणि अनुसूचित जाती-जमातींना सात वर्षांची वकिली लागते, त्यामुळे ते सुरुवातीच्या अंदाजात येत नाही.

फौजदारीकडे वळणाऱ्यांसाठी एक अनुकूल गोष्ट घडली आहे. १ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाल्यामुळे कलमांचे आकडे आणि कार्यपद्धतीचे तपशील अनुभवी वकिलांनाही नव्याने शिकावे लागले. ज्याने ते कायदे मुळातून वाचले आहेत, तो तरुण वकील जामिनाच्या युक्तिवादात वयाने मोठ्या माणसासमोर बरोबरीने उभा राहू शकतो. जामिनाच्या कामात फी त्याच दिवशी मिळते, हा त्याचा दुसरा फायदा.

वर्षाचा हिशेब मांडा

पुढील आकडे पद्धत दाखवण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. वाचकाने त्यांच्या जागी स्वतःच्या तालुक्यातील आकडे भरावेत. समजा, तालुक्याच्या ठिकाणी सनदेला पाच वर्षे झालेला एक वकील महिन्याला चार नवी प्रकरणे घेतो आणि प्रत्येकाची सरासरी फी १५,००० रुपये ठरते. ठरलेली फी ६०,००० झाली. त्यातली सत्तर टक्के वसूल होते असे धरले तर ४२,००० हाती येतात. नोटिसा, प्रतिज्ञापत्रे, शोध अहवाल यांचे ८,००० धरून महिन्याची आवक ५०,००० होते. आता खर्च: कार्यालयाच्या भाड्यातला वाटा ४,०००, कारकून आणि टायपिंग ६,०००, पेट्रोल व प्रवास ५,०००, पुस्तके, निकालांचे सॉफ्टवेअर, फोन आणि इंटरनेट २,०००, झेरॉक्स व कागद २,०००. एकूण १९,०००.

आवक मात्र बाराही महिने सारखी नसते, आणि खान्देशात हे विसरून चालत नाही. कापूस विकला गेला, केळीची कटाई झाली की अशील स्वतःहून येतो आणि मागचेही देऊन जातो. उन्हाळी सुट्टीत न्यायालय बंद असते, आणि पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याचा पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो, तेव्हा त्याच्याकडे मागणेही बरे वाटत नाही. म्हणून दहा महिने ५०,००० आणि दोन महिने २५,००० धरले तर वर्षाची आवक ५,५०,००० होते. खर्च मात्र बाराही महिने चालू राहतो: २,२८,०००. उरले ३,२२,०००, म्हणजे महिन्याला सुमारे २६,८००. वर दिलेल्या न्यायाधीशाच्या किंवा बँक अधिकाऱ्याच्या पगाराशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. त्यात निवृत्तिवेतन नाही, रजेचा पगार नाही, आजारपणाचा विमा नाही. ती तरतूद वकिलाला स्वतःच करावी लागते.

या हिशेबात सर्वांत जास्त फरक वसुलीच्या टक्केवारीने पडतो. सत्तर ऐवजी नव्वद टक्के वसुली झाली तर त्याच चार प्रकरणांतून महिन्याला १२,००० जास्त येतात आणि एक पैशाचाही खर्च वाढत नाही. उलट पाचवे प्रकरण घेतले तर तारखा, प्रवास आणि टायपिंग तिन्ही वाढतात. नवी कामे शोधण्यात जितका वेळ जातो त्याचा निम्मा वेळ जरी ठरलेली फी नीट लिहून घेण्यात आणि वेळच्या वेळी मागण्यात घातला, तरी मिळकतीत दिसण्याजोगा फरक पडतो, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या तीन वर्षांची सोय

सनद घेण्याचा खर्च आता मोठा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात राज्य बार कौन्सिलांना ॲडव्होकेट्स ॲक्टमधील रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेण्यास मनाई केली. ती रक्कम सर्वसाधारण प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. खरा खर्च पुढे आहे: दोन ते तीन वर्षे घरातून पैसे आणून जगणे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियर वकिलांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान विद्यावेतन तीन वर्षे द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आपल्या जिल्ह्यांत बहुतेक सिनियर इतके देत नाहीत. कित्येक ठिकाणी काहीच मिळत नाही. म्हणून कार्यालयात रुजू होण्याआधी सिनियरशी आदराने पण स्पष्ट बोलावे: ‘सर, दरमहा काही मिळेल का? मी आणलेल्या प्रकरणाची फी माझी की कार्यालयाची? नोटीस आणि अर्ज मी लिहिले तर त्यात माझा वाटा राहील का?’ हे विचारणे उद्धटपणाचे नाही. जो सिनियर अशा प्रश्नाने रागावतो, त्याच्याकडे पुढेही पैशांचा विषय काढता येत नाही. पैसे कमी असले तरी स्वतः उभे राहू देणारा, उलटतपास करू देणारा सिनियर मिळाला तर ती उमेदवारी पत्करावी. पैसेही नाहीत आणि फक्त मुदतीचे अर्जच द्यायचे आहेत, तर सहा महिन्यांत दुसरे कार्यालय पाहावे.

घरच्यांनी या तीन वर्षांसाठी दरमहा किती देता येईल ते आधीच ठरवून सांगावे. भुसावळ, पाचोरा किंवा धरणगावहून रेल्वेने जळगावला ये-जा करणाऱ्याला पासाच्या पैशांत काम भागते. जळगावात किंवा धुळ्यात खोली करून राहणाऱ्याचा खर्च त्याच्या कित्येक पट असतो. गावातले घर आणि रेल्वेचा मार्ग असेल तर सुरुवातीची वर्षे तिथूनच काढण्यात शहाणपण आहे.

फी ठरवताना आणि घेताना

भूसंपादनाच्या आणि मोटार अपघाताच्या कामांत मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारी ठरवण्याची पद्धत सर्रास आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. पैसा मोठा दिसतो, म्हणून नवा वकील या वाटेला चटकन लागतो. पण अशिलाने तक्रार केली की सनद धोक्यात येते, आणि ज्याची जमीन गेली किंवा ज्याच्या घरचा कर्ता माणूस गेला त्याच्या मोबदल्याला हात लावणे मुळातच योग्य नाही. अशा कामांतही ठरावीक रक्कम आणि तिचे हप्ते ठरवता येतात.

फीचा करार एका कागदावर मराठीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात: कामाचे स्वरूप, टप्पे, प्रत्येक टप्प्याची रक्कम, कोर्ट फी, टायपिंग आणि नकलांचा खर्च कोणाकडे, अपिलाचा त्यात समावेश आहे की नाही. मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी. आपल्याकडे नात्यातला, गावातला, भाऊबंदकीतला अशील ‘आबा, आपल्यात कागद कशाला’ असे म्हणतो. त्याला सांगावे की कागद तुमच्याच सोयीसाठी आहे, म्हणजे उद्या कोणी जास्त मागितले असे म्हणायला जागा राहणार नाही. फी थकली तरी अशिलाची मूळ कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले आहे, त्यामुळे वसुलीचा तो मार्ग कधीही धरू नये.

उत्पन्न रोखीत आले तरी ते खात्यात भरावे आणि विवरणपत्र पहिल्या वर्षापासून भरावे. वकिलांना अनुमानित करआकारणीची सवलत आहे: वार्षिक आवक ५० लाखांच्या आत असेल (आणि रोख आवक पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांच्या आत), तर आवकेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते आणि खर्चाच्या सविस्तर वह्या ठेवाव्या लागत नाहीत. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नसल्यामुळे तालुका न्यायालयातील बहुतेक वकिलांना कर भरावाच लागत नाही. तरीही विवरणपत्र हवे, कारण घराचे किंवा गाडीचे कर्ज मागताना बँक मागील वर्षांची विवरणपत्रेच पाहते. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये विसरू नयेत.

तिसरे वर्ष संपताना स्वतःच्या नावाच्या वकीलपत्रांची यादी काढावी. त्यात सिनियरकडून आलेली प्रकरणे किती आणि अशील थेट आपल्याकडे येऊन दिलेली किती, ते वेगळे लिहावे. थेट आलेल्या कामांच्या प्रत्यक्ष वसूल झालेल्या फीतून आपल्या वाट्याचे कार्यालयीन भाडे, कारकून आणि प्रवास सहा महिने सलग निघत असेल, तर स्वतंत्र टेबल मांडायला हरकत नाही. निघत नसेल, तर सिनियरकडे आणखी एक वर्ष राहावे आणि त्याच काळात न्यायाधीश पदाच्या परीक्षेचा अर्ज भरावा, कारण तीन वर्षांच्या वकिलीचे प्रमाणपत्र तोवर हातात आलेले असते.